गुलाबाच्या पानावरचा काळा ठिपका कसा ओळखायचा?

पावसाळ्यात नर्सरीतल्या गुलाबांची खालची पानं पिवळी पडून गळायला लागली की बरेच जण खत कमी पडलं असं समजून खत घालतात, नाहीतर हाताशी असेल ते औषध मारतात. रोग न ओळखता केलेला हा खर्च मला फार खटकतो. आधी पान नीट पाहायला हवं.

पान घ्यायचं ते रोपाच्या खालच्या भागातलं, ठिपका ताजा असलेलं. पूर्ण वाळलेलं नको, त्यावर इतर बुरशीही चढलेल्या असतात. आता ठिपक्याची कड पाहा. काळा ठिपका हा रोग आणणाऱ्या डिप्लोकार्पॉन रोझी या बुरशीचा ठिपका २ ते १२ मिलिमीटरचा, गोलसर काळा, बहुधा पानाच्या वरच्या बाजूला. टीपकागदावर शाई फुटते तशी त्याची कड झालरीसारखी, तंतुमय असते, आणि भोवतालचं पान पिवळं पडत जातं. ही कड हीच खरी खूण. दहापट भिंगातून ठिपक्यात बारीक काळसर पुटकुळ्या दिसल्या तर शंका उरत नाही. बीजाणू तिथेच तयार होतात. पुटकुळ्या दिसत नसतील तर पान ओल्या टिशू पेपरबरोबर पिशवीत बंद करून एक-दोन दिवस ठेवावं आणि पुन्हा पाहावं.

इतर डाग याहून वेगळे दिसतात. सर्कोस्पोरा या बुरशीचा ठिपका मध्ये राखाडी, कडेला जांभळट आणि रेखीव असतो. डाऊनी मिल्ड्यू या रोगाचे डाग कोनाकृती, शिरांमध्ये अडलेले, बहुधा कोवळ्या पानांवर. पान उलटं केलं तर कधी कधी विरळ राखाडी बुरशी दिसते. भुरी पांढरी, तिच्यात गफलत होत नाही. औषधाने भाजलेला डाग एकदा पडला की वाढत नाही.

काळ्या ठिपक्याचे बीजाणू मुख्यतः पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर पसरतात, आणि पान सलग सातेक तास ओलं राहिलं तरच रुजतात. संध्याकाळी वरून पाईप मारण्यातला धोका तो हाच. पाणी सकाळी, मुळाशी द्यावं. रोपांच्या पिशव्यांत अंतर ठेवावं. गळालेली पानं रोज उचलावीत, कारण रोग त्यांच्यातही टिकून राहतो.

लागण झाल्यावर ठिपका दिसायला ३ ते १० दिवस जातात. म्हणून ठिपका दिसला की आधीच्या आठवड्यात कोणत्या रांगेवर पाणी साचून राहिलं, पानं ओली राहिली, ते शोधायचं. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक फवारायचं असेल तर लेबलवरच्या प्रमाणातच, आणि अजून निरोगी दिसणाऱ्या पानांना दोन्ही बाजूंनी. ठिपका पडलेलं पान त्याने बरं होत नाही.