दुखण्यापूर्वींची तपासणी

गेल्या वर्षीं आरोग्यशास्त्राच्या तासाला एका विद्यार्थिनीनें मला विचारलें, "सर, आमच्याकडे बायकांच्या तपासणीकरितां दवाखान्यांतून माणसें आलीं होतीं; पण आई गेली नाहीं. ती म्हणाली, 'मला काय झालंय?' मग तिचें चुकलें काय?" प्रश्न साधा होता, परंतु त्याचें नीट उत्तर मला त्या तासांत देतां आलें नाहीं. तें येथें सविस्तर द्यावें, आणि मुलांबरोबर त्यांच्या आईबापांनींही वाचावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आपलें शरीर असंख्य पेशींचें बनलेलें आहे. पेशी वाढतात, दुभंगतात व जुन्या झाल्या म्हणजे मरतात. हें सर्व नियमानें चालतें. हा नियम मोडून कांहीं पेशी बेसुमार वाढूं लागल्या व शेजारच्या भागांत शिरूं लागल्या, म्हणजे त्या विकारास कर्करोग म्हणतात. आरंभीं तो बहुधा दुखत नाहीं, आणि हीच त्याची मोठी फसवणूक आहे. वेदना जाणवूं लागते तोंवर रोग पुष्कळदां दूरवर पसरलेला असतो. आपल्याकडे मृगाचा पाऊस पडण्यापूर्वीं घर शाकारतात. पाणी चुलीवर गळूं लागल्यावर कौलें चाळावयास कोणी थांबत नाहीं. शरीराच्या बाबतींत मात्र आपण नेमकें तेंच करतों.

कर्करोगाचे प्रकार पुष्कळ आहेत. त्यांपैकीं गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग हा एकच येथें घेऊं. इ. स. २०२२ च्या अंदाजाप्रमाणें भारतांत त्या एका वर्षांत सुमारें १,२७,००० स्त्रियांस हा रोग झाला व सुमारें ८०,००० स्त्रिया त्यानें मरण पावल्या. दुःखाची गोष्ट ही कीं, इतका टाळतां येण्याजोगा कर्करोग दुसरा क्वचितच असेल. तो 'ह्यूमन पॅपिलोमा' नांवाच्या विषाणूपासून उद्भवतो. या विषाणूचा व रोगाचा संबंध जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनीं दाखवून दिला. त्याबद्दल त्यांस इ. स. २००८ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. हा विषाणु स्त्रीपुरुषांच्या शरीरसंबंधांतून पसरतो व तो इतका सार्वत्रिक आहे कीं, बहुतेक विवाहितांस तो केव्हांना केव्हां गांठतोच. म्हणून त्यावरून कोणाच्याही शीलाविषयीं शंका घेणें अन्यायाचें होय. बहुतेकींच्या शरीरांतून तो एकदोन वर्षांत आपोआप नाहींसा होतो. थोड्याजणींत मात्र तो ठाण मांडून बसतो, आणि बहुधा दहा ते वीस वर्षांनीं त्यांतून कर्करोग उत्पन्न होतो. ही दहा-वीस वर्षें म्हणजेच आपल्याला मिळालेली सवड.

या सवडीचा उपयोग किती होतो, याची जगांतील एक मोठी कसोटी आपल्या मराठवाड्यांतच पार पडली. पूर्वींच्या उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव जिल्ह्यांत, बार्शीचें नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय व फ्रान्समधील लियों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनीं मिळून हें काम इ. स. १९९९ मध्यें हातीं घेतलें. खेड्यांचे ५२ गट पाडून त्यांतील ३० ते ५९ वर्षें वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे चार विभाग केले. पहिल्या विभागांत विषाणूचा शोध घेणारी तपासणी केली. दुसऱ्यांत पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्या. तिसऱ्यांत शिरक्यांतील आम्लाचें सौम्य पाणी लावून नुसत्या डोळ्यांनीं परीक्षा केली. चौथ्या विभागांतील स्त्रियांस केवळ माहिती दिली.

आठ वर्षांनंतर हिशेब झाला. विषाणूच्या तपासणीच्या विभागांतील ३४,१२६ स्त्रियांपैकीं ३४ जणी या रोगानें दगावल्या. चौथ्या विभागांतील ३१,४८८ स्त्रियांपैकीं ६४ जणी. एकदांच केलेल्या तपासणीनें मृत्यु जवळजवळ निम्म्यावर आले! मधल्या दोन रीतींनीं तेथें मृत्यु निश्चितपणें घटल्याचें दिसलें नाहीं. परंतु मुंबईच्या गरीब वस्त्यांत शिरक्याच्या आम्लाची तपासणी दर दोन वर्षांनीं, अशी चार वेळां केली, तेव्हां मृत्यु शेंकडा ३१ नीं घटले. ती तपासणी करणाऱ्या स्त्रिया डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकून थोड्या आठवड्यांचें शिक्षण घेतलेल्या साध्या आरोग्यसेविका होत्या.

चौथ्या विभागांतील त्या ६४ स्त्रियांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत. आज जगाला जें ज्ञान मिळालें आहे त्याची किंमत त्यांच्या घरांनीं भरली आहे. तें ज्ञान पुस्तकांत पडून राहिलें, तर ती किंमत फुकट गेली असेंच म्हणावें लागेल.

तपासणींत दोष आढळला म्हणजे कर्करोगच झाला असें नव्हे. बिघडूं लागलेला भाग अतिशय थंड करून किंवा उष्णतेनें नाहींसा करतां येतो, व बाई बहुधा त्याच दिवशीं घरीं जाते. जागतिक आरोग्य संघटनेनें इ. स. २०२१ पासून विषाणूच्या तपासणीलाच अग्रमान दिला असून, वयाच्या तिसाव्या वर्षापासून दर पांच ते दहा वर्षांनीं ती करावी असें सुचविलें आहे. तिचा नमुना स्त्रीला स्वतःच घेतां येतो. तेव्हां संकोचाचें कारणही उरत नाहीं.

रोग पुढें गेला असला तरी आशा सोडूं नये. किरणोपचार व औषधें एकत्र देण्यापूर्वीं सहा आठवडे दोन जुनींच औषधें दिल्यास, पांच वर्षांनंतर शंभरांपैकीं ७२ ऐवजीं ८० स्त्रिया हयात राहतात, असें इ. स. २०२४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें; त्यांत भारतांतील रुग्णही होते.

मुलींकरितां तर लसही आहे. इ. स. २००९ मध्यें बार्शी, पुणें, मुंबई इत्यादि ठिकाणीं तिची परीक्षा सुरू झाली. पुढच्याच वर्षीं सरकारी आदेशानें लस देणें थांबलें, म्हणून सुमारें पांच हजार मुलींस एकच मात्रा मिळाली. दहा वर्षांनीं पाहतां ती एक मात्राही जवळजवळ तितकेंच रक्षण करते असें आढळलें! एकाच मात्रेनें काम भागूं शकतें, असें मानण्यास जगाला त्यामुळें मोठा आधार मिळाला.

मग प्रत्येक कर्करोगाकरितां प्रत्येकाची तपासणी करावी काय? नाहीं. दक्षिण कोरियांत गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीची तपासणी सरसकट होऊं लागली, तेव्हां इ. स. २०११ मध्यें त्या कर्करोगाच्या निदानांचें प्रमाण १९९३ च्या पंधरापट झालें. मृत्यूंचें प्रमाण मात्र होतें तेथेंच राहिलें. अनेकांनीं नाहक शस्त्रक्रिया सोसली. ज्या तपासणीनें मरण टळतें असें सिद्ध झालें आहे, तीच करावी.

आणखी एक. रोग बरा झाला म्हणजे सारें पूर्ववत् होतें असें नाहीं. किरणोपचारानंतर थकवा राहतो, पायांस सूज येते, मूत्राशयाच्या तक्रारी उद्भवतात, आणि रोग उलटेल कीं काय ही भीति मनांत घर करते. अशा वेळीं कांहीं घरांत त्या बाईचें ताट निराळें काढतात! एका ताटांत जेवल्यानें कर्करोग कोणासही होत नाहीं. तिला निराळें ताट नको. शेजारीं बसणारें माणूस हवें आहे.

आतां त्या विद्यार्थिनीचा प्रश्न. बाळ, तुझ्या आईचें चुकलें नाहीं. 'मला काय झालंय?' हा प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर तिला कोणी दिलें नव्हतें, इतकेंच. शिवाय आई तपासणीस गेली तर पाणी कोण भरणार, भाकरी कोण करणार, हेंही कोणी तिला सांगितलें नव्हतें. तेव्हां मुलांनो, आणि त्यांच्या वडिलांनो, तें तुम्हीं सांगा. चूल एक दिवस तुम्हीं सांभाळा, व तिला म्हणा, "तुला कांहीं झालेलें नाहीं, म्हणूनच आज जा."