उच्चारात गुजराती येतं म्हणून नाकारलं, त्याच आवाजाची देश दर बुधवारी वाट पाहायचा

सुरत : उधना, लिंबायत, पांडेसरा भागातल्या मराठी घरांत दिवसाला तीन भाषा बोलल्या जातात. घरात मराठी नाहीतर अहिराणी, दुकानात गुजराती, कारखान्यात हिंदी. मग मुलं चारचौघांत हिंदी बोलायला कचरतात. ‘आपली बोली मध्ये येते, लोक हसतात,’ असं त्यांना वाटतं. अशा मुलांना अमीन सयानी यांची गोष्ट जरूर सांगावी.

सयानी यांचा जन्म २१ डिसेंबर १९३२ चा, मुंबईतला. घर गुजराती बोलणारं. आई कुलसुम सयानी प्रौढ शिक्षणाचं काम करायच्या. गांधीजींच्या सांगण्यावरून त्या ‘रहबर’ हे पाक्षिक चालवत. भाषा सोपी हिंदुस्तानी, पण छपाई देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत. अमीन त्यात आईला मदत करत. साधं बोलायचं वळण त्यांना तिथे लागलं.

थोरले भाऊ हमीद सयानी इंग्रजीतले नावाजलेले निवेदक. त्यांच्यामुळे अमीन आकाशवाणीच्या इंग्रजी कार्यक्रमांत आले. पण हिंदीची चाचणी दिली तेव्हा उच्चारात गुजराती आणि इंग्रजीची झाक आहे म्हणून त्यांना नाकारलं गेलं.

सिलोनच का?

१९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. हे मराठी गृहस्थ शास्त्रीय संगीताचे आग्रही. त्यांच्या काळात आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी जवळपास बंद झाली. श्रोते मग रेडिओ सिलोनकडे वळले. तिथल्या लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आदळून हजारो किलोमीटर लांब पोहोचत. त्यामुळे कोलंबोचं केंद्र भारतभर ऐकू येई.

टूथपेस्ट कंपनीच्या ‘बिनाका गीतमाला’साठी कमी पैशांत काम करणारा माणूस हवा होता. आठवड्याला २५ रुपयांवर अमीन तयार झाले. ३ डिसेंबर १९५२ ला, बुधवारी, पहिला कार्यक्रम लागला. ध्वनिमुद्रण मुंबईत व्हायचं, टेप विमानाने कोलंबोला जायची.

पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे ९ हजार पत्रं आली. पुढे आठवड्याचा आकडा ६५ हजारांवर गेला. तबकड्यांचा खप आणि श्रोता संघांची पसंती जुळवून गाण्यांचे क्रमांक ठरू लागले. क्रमांकाला ते ‘पायदान’ म्हणत, म्हणजे आपली पायरी. सुरुवात ‘बहनो और भाइयो’ अशी, बहिणी आधी. जड हिंदी नाही, जड उर्दूही नाही. सर्वांना कळेल असं बोलायचं, बस्स.

आकाशवाणीने १९५७ मध्ये विविध भारती सुरू केली, सिनेमाची गाणी परत आली. १९८९ मध्ये खुद्द गीतमालाही विविध भारतीवर आली आणि १९९४ पर्यंत चालली. ज्या आकाशवाणीने हिंदीसाठी नाकारलं, तिनेच शेवटी हा आवाज घरी आणला. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत, वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

त्यांनी उच्चारांवर मेहनत घेतली, हे खरंच. पण घरची भाषा टाकून दिली नाही. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. गाडी दोन्हीकडे थांबते. सुरतेतल्या मराठी पोरांच्या जिभेचंही तसंच आहे. त्यात कमीपणा कसला?