भुवया आणि फणेरपेटी

मस्तकावरील केसांची आमच्या घरांतून जेवढी निगा राखली जाते, तिचा दशांशही भुवयांच्या वाट्यास येत नाही. न्हाणे, तेल, शिकेकाई, वेणीफणी यांचे वार ठरलेले असतात. भुवयांकडे लक्ष जाते ते मात्र एकाएकी, आणि बहुधा घरातील मुलगी चौदा-पंधरा वर्षांची झाली म्हणजे. ती आरशापुढे अधिक वेळ उभी राहू लागते. वर्गातील कोणी तिच्या जुळलेल्या भुवयांवरून एखादा शब्द टाकलेला असतो व तो तिच्या मनात सलत असतो. पुढे एके दिवशी वडिलांचे दाढीचे पाते जागेवर सापडत नाही, आणि मुलगी खोलीबाहेर येते ती एक भुवई अर्धी करून! आगाशीतील आमच्या परिचयाच्या एका घरी असेच घडले. भुवई पुन्हा आली, परंतु ती पुरती भरण्यास तीन महिने लागले, आणि तेवढ्या काळात त्या मुलीने एकाही लग्नमुंजीस पाऊल टाकले नाही. अशा वेळी मुलीस रागावण्यात अर्थ नसतो. तिला योग्य रीत कोणी दाखविलीच नव्हती.

ही रीत बाहेर जाऊन पैसे मोजून मिळते, हे खरे. विरार स्थानकाकडून आगाशीकडे येणाऱ्या रस्त्यावर हल्ली ब्युटी पार्लरच्या पाट्या दिसतात, व दोऱ्याने भुवया कोरून देण्यास तेथे फारसा वेळ लागत नाही. एका खेपेस पन्नास रुपये धरले व दर तीन आठवड्यांनी जावे लागते असे मानले, तर वर्षाच्या सतरा खेपांचे साडेआठशे रुपये होतात. घरात आई व दोन मुली असल्यास अडीच हजारांच्या वर. ज्या घरात शाळेचे शुल्क, गाडीचा पास आणि औषधपाणी यांचा मेळ महिनाअखेर कसाबसा बसतो, तेथे ही रक्कम क्षुल्लक नव्हे. आणि जे काम घरी दहा मिनिटांत, स्वच्छ हातांनी व अधिक संयमाने होण्यासारखे आहे, त्यासाठी ती खर्च करावी असे आम्हांस वाटत नाही.

संयमाचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. भुवईचा केस डोक्याच्या केसासारखा वर्षानुवर्षे वाढत राहत नाही. त्याची वाढ काही आठवडेच चालते, मग तो थांबतो, काही काळ तसाच राहतो व गळून पडतो. हे सारे चक्र सुमारे चार महिन्यांचे असते. म्हणूनच भुवई आखूड राहते. पात्याने कापलेला केस मुळापासून पुन्हा वर येतो, व तो पूर्वीपेक्षा राठ येतो ही समजूत खोटी आहे. केसाचे निमुळते टोक जाऊन बोथट टोक उरते, इतकेच काय ते. उपटण्याची गोष्ट निराळी आहे. एकच केस वर्षानुवर्षे उपटीत राहिल्यास त्याचे मूळ दुखावते, आणि कधीकधी तो पुन्हा उगवतच नाही. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत हॉलिवूडच्या नटींना पाहून पाश्चात्त्य स्त्रियांनी भुवया उपटून पेन्सिलीने ओढलेल्या रेघेएवढ्या बारीक केल्या. पुढे जाड भुवयांचे दिवस परत आले, पण उपटलेले सगळेच केस काही परत आले नाहीत. फॅशन दहा वर्षांत बदलते. भुवईस मात्र तितक्या वेळा बदलण्याची सोय नाही.

भुवयांच्या सौंदर्याची कल्पना आपल्याकडे काही नवी नाही. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात पार्वतीच्या भुवया काजळाच्या शलाकेने रेखाटल्यासारख्या होत्या, व त्या पाहून मदनाने आपल्या धनुष्याचा गर्व सोडला, असे कालिदासाने म्हटले आहे. दूर जपानात पूर्वी सरदारघराण्यांतील स्त्रिया मूळच्या भुवया काढून टाकून कपाळावर उंच जागी काळे ठिपके रंगवीत. इराणात दोऱ्याने चेहऱ्यावरील लव काढण्याची कला फार जुनी असून, तेथे पूर्वी भुवया कोरणे हे विवाहाच्या वेळचे कृत्य मानले जाई. कुमारिकेने भुवयांस हात लावणे प्रशस्त नसे. आमच्याकडेही दोन पिढ्यांपूर्वी कोरलेल्या भुवया म्हणजे नाटक-सिनेमाचे लक्षण, असे घरोघरी म्हटले जाई. आज तसे कोणी म्हणत नाही व म्हणूही नये. परंतु तो आक्षेप गेला, त्याबरोबर फणेरपेटीही माळ्यावर गेली याचे आम्हांस वाईट वाटते, कारण बेशिस्त भुवयांचे निम्मे औषध त्या पेटीतच होते.

ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. झाकणास आतून आरसा, आत फणी, कुंकवाचा करंडा आणि मेणाची लहानशी डबी. आमच्या आज्या कपाळावर प्रथम मेणाचा ठिपका लावीत व त्यावर पिंजर बसवीत. घाम आला तरी कुंकू ओघळत नसे. हेच मेण भुवयांच्या कामाचे आहे. आगाशीसारख्या समुद्राकाठच्या गावी, जेथे अर्नाळ्याकडून येणारा दमट वारा वैशाखात अंगास चिकटतो, तेथे नुसते खोबरेल किंवा व्हॅसलीन भुवईवर टिकत नाही. ते पाझरून डोळ्यांत उतरते. मधमाशीचे मेण बासष्ट-त्रेसष्ट अंशांच्या सुमारास वितळते, त्यामुळे उन्हातही ते जागा सोडीत नाही. चमचाभर खिसलेले मेण आणि तीन-चार चमचे खोबरेल एका वाटीत घालून ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवावी, मेण विरघळले की ढवळून डबीत ओतावे. डबी वर्षभर पुरते. तांदळाच्या दाण्याएवढे बोटावर घेऊन चोळावे व भुवईवरून केसांच्या दिशेने फिरवावे. मेण मधाचेच असावे. मेणबत्ती वितळवून वापरू नये, तिच्यात रंग व वास काय घातला असेल हे कळत नाही.

आमच्या अनुभवाने, ज्या भुवयांस लोक दाट व अस्ताव्यस्त म्हणतात त्यांतील पुष्कळशा केवळ न विंचरलेल्या असतात. एक मऊ, जुना, गरम पाण्याने स्वच्छ धुतलेला दात घासण्याचा ब्रश घ्यावा, आणि भुवई आधी सरळ वर व मग बाहेरच्या बाजूस वळवावी. वर विंचरली असता जे केस भुवईच्या वरच्या कडेबाहेर डोकावतील, त्यांची टोके तेवढी नखे कापण्याच्या लहान कात्रीने कापावीत. एका वेळी दोन-तीन केसच कापावेत, व मग आरशापासून दोन हात मागे सरून पाहावे. भुवईची पारख जवळून होत नाही, कारण लोक आपल्याला हातभर अंतरावरूनच पाहतात.

यानंतरही उपटण्यासारखे काही उरले तर चिमटा घ्यावा. चांगल्या टोकाचा चिमटा शंभर रुपयांच्या आत मिळतो व सांभाळल्यास कित्येक वर्षे टिकतो. वेळ आंघोळीनंतरची, कारण ऊन पाण्याने त्वचा सैल झालेली असते. जागा खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात. भुवई कोठून कोठपर्यंत ठेवावी याचा अंदाज साध्या पेन्सिलीने घेता येतो. नाकपुडीच्या कडेशी ती उभी धरली असता भुवईस जेथे टेकते तेथे भुवईचा आरंभ समजावा. नाकपुडीपासूनच डोळ्याच्या बाहेरील कोपऱ्यावरून तिरपी धरली असता जेथे टेकते, तेथे तिचा शेवट. या दोहोंच्या बाहेरचे, म्हणजे दोन भुवयांमधले व पापणीकडे उतरलेले भरकटे केस काढावेत. वरच्या कडेस चिमटा लावू नये. आकार बिघडतो तो बहुधा तेथेच. त्वचा एका बोटाने ताणून धरावी, केस मुळापाशी पकडावा, व तो ज्या दिशेने वाढतो त्याच दिशेने ओढावा. उलट ओढल्यास तो त्वचेखाली तुटून आतल्या आत वळतो व तेथे फोड येतो. एका बाजूचे दोन केस झाले की दुसऱ्या बाजूचे दोन, याप्रमाणे चालावे. एक भुवई पुरी करून दुसरीकडे वळणारीची दुसरी नेहमी पहिलीचा पाठलाग करीत बारीक होत जाते. (सकाळच्या विरार गाडीत भगिनी भाजी निवडतात, गजरे ओवतात, वेण्या घालतात, ते सर्व कौतुकास्पदच आहे; परंतु चालत्या गाडीत डोळ्यापाशी चिमटा नेऊ नये.)

दोऱ्याचे काम ज्यांस शिकावयाचे असेल त्यांनी शिवणाचा सुती दोरा दोन हात घेऊन दोन्ही टोकांस गाठ मारावी, तो दोन्ही हातांच्या बोटांत ताणून मध्ये आठ-दहा पीळ द्यावेत. एका हाताची बोटे उघडली की पीळ दुसऱ्या हाताकडे सरकतो, आणि वाटेतले केस त्यात सापडून निघतात. आधी पायाच्या पोटरीवर आठ दिवस सराव करावा. वसईच्या पट्ट्यात केळीच्या सोपटावर फुले ओवणारे हात पुष्कळ आहेत, त्यांस हे अवघड जाऊ नये. मात्र दोरा एका वेळी ओळीने केस काढतो, निवडून नव्हे. म्हणून नवशिकीने भुवईच्या कडेस तो न लावता मधल्या जागेपुरताच वापरावा. पार्लरमध्ये दोऱ्याचे टोक दातांत धरण्याची चाल अद्याप पुष्कळ ठिकाणी आहे, ती आम्हांस पसंत नाही. दोऱ्याने त्वचेस बारीक चरे पडतात, व त्यांतून चामखिळीसारखे संसर्गाचे विकार पसरल्याचे त्वचारोगतज्ज्ञांनी पाहिले आहे. दरेकीसाठी दोरा नवा असावा, मग काम घरी होवो की बाहेर.

विरळ भुवयांवर एरंडेल चोळण्याची पद्धत आहे. त्याने केस चकाकतात व म्हणून दाट भासतात. नवे केस येतात याला मात्र पुरावा नाही. तान्ह्या बाळाच्या भुवयांवर काजळ ओढल्याने त्या रेखीव होतात, किंवा डाळीच्या पिठाचा गोळा फिरविल्याने कपाळावरील लव कायमची जाते, हेही तसेच. ती लव आपोआप झडते, व गोळ्याने बाळाची कोवळी कातडी मात्र लाल होते. बाजारातील काही सुरम्यांत शिसे असते, ते लहान मुलांच्या जवळही नेऊ नये.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. भुवईची बाहेरील तिसरी बाजू आपोआप विरळ होऊ लागली, आणि त्याबरोबर थकवा, वजनवाढ, थंडी सोसवेनाशी होणे अशी चिन्हे असली, तर गळ्यातील थायरॉईड ग्रंथी मंदावली असण्याचा संभव असतो. रक्ताच्या साध्या तपासणीने ते कळते. भुवया झडणे हे कुष्ठरोगाचेही एक लक्षण आहे, व त्यावर आज खात्रीचा उपचार उपलब्ध आहे. भुवईत रुपयाएवढी जागा एकदम रिकामी होणे हा आणखी निराळा विकार. उलटपक्षी मुलीच्या भुवयांबरोबर हनुवटीवरही राठ केस येऊ लागले व पाळी अनियमित झाली, तर चिमटा खाली ठेवून डॉक्टरांकडे जावे. अशा वेळी पेन्सिलीने भुवई रंगवून चेहरा झाकीत बसलेल्या भगिनी आमच्या पाहण्यात आहेत, व त्यांचे महिनेच्या महिने फुकट गेले आहेत.

घरातील वडीलधाऱ्या पुरुषांच्या भुवयांत उतारवयात लांब, ताठ केस येतात. ते उपटू नयेत, विंचरून कापावेत. आजोबा प्रथम नको म्हणतील. चष्म्याच्या काचेस केस लागेनासे झाले की पुढच्या महिन्यात स्वतःच कात्री मागतील.

राहता राहिल्या जुळलेल्या भुवया. रामराज्य या १९४३ सालच्या बोलपटातील सीता, शोभनाबाई समर्थ, यांची नात काजोल हिने आपल्या जुळलेल्या भुवया तशाच ठेवून हिंदी चित्रपटसृष्टीत अग्रस्थान मिळविले, हे आजच्या मुलींच्या आयांस आठवत असेलच. तेव्हा मधले केस काढावेत की राहू द्यावेत, हे मुलीस विचारावे. ती काढा म्हणाली तर आईने शेजारी बसून पहिल्या खेपेस स्वतः काढावेत. ती राहू द्या म्हणाली, तर आत्याबाईंनी व मावशींनी त्यावर पुन्हा बोलू नये, आणि मुलगी पाहावयास येणार आहेत या सबबीवर तर मुळीच बोलू नये.

घरी कार्य असल्यास हे काम त्याच सकाळी करू नये. उपटलेली जागा लाल होते व तीवर हळद चुरचुरते. हळदीच्या तीन दिवस आधी करावे, नंतर थंड पाण्याची घडी ठेवावी, व त्या दिवशी तेथे अत्तर किंवा पावडर लावू नये.