शस्त्र आणि कवच – लेखांक ६ : जमदाडीचा वार आणि चिलखताची कडी

गेल्या आठवड्यात चिलखत कसे घडते ते पाहिले. तार वळवून कडी करायची, तिची टोके एकमेकांवर आणून चपटी ठोकायची, भोक पाडून रिव्हेट बसवायची आणि प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत गुंतवत जायचे. हे विणकाम शस्त्राच्या वारापुढे टिकते का आणि ते पारखायचे कसे, हा आजचा विषय.

त्यासाठी आपल्या इतिहासातलाच वार घेऊ. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. विजापूर दरबाराच्या हातून सुपीक, व्यापारी मुलूख गेला. दोन वर्षांनी विजापूरचा सरदार अफजलखान चालून आला, त्यामागे ही सलही होती. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी भेट झाली. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीनुसार खानाने महाराजांची मान काखेत दाबली आणि जमदाड म्हणजे कट्यार उपसून कुशीत चालवली. आत चिलखत होते, त्यामुळे पाते अंगाला लागले नाही. पुढच्या झटापटीत खानाचा अंगरक्षक सय्यद बंडा याचा वार महाराजांच्या डोक्यावर आला, पण पागोट्याखालच्या पोलादी टोपाला नुसता पोचा पडला, असे इतिहासकार जदुनाथ सरकार लिहितात.

कुशीतला तो वार चिलखताने अडवणे शक्य होते का? इथे पदार्थविज्ञान मदतीला येते.

वाराची ताकद ज्यूलमध्ये मोजतात. अडीच किलोचे वजन एक मीटर उंचीवरून सोडले, तर खाली पोहोचताना त्यात सुमारे २४ ज्यूल ऊर्जा असते. ब्रिटनमध्ये पोलिसांची चाकूरोधक जाकिटे अशाच पद्धतीने तपासतात. ठरावीक वजनाला पाते बांधून ते जाकिटावर सोडतात. २००७ च्या निकषांनुसार सर्वांत खालच्या श्रेणीत २४ ज्यूलच्या आघाताला पात्याचे टोक जाकिटाच्या आत ७ मिलिमीटरपेक्षा जास्त जाता कामा नये असे होते. जाकिटाखाली शरीरासारखा दबणारा मऊ थर ठेवलेला असतो.

हा मऊ थर महत्त्वाचा आहे. चिलखत लाकडी ओंडक्यावर ताणून बसवले आणि भाला मारला, तर कडी लगेच तुटते, कारण तिला मागे सरायला जागाच नसते. अंगावर मात्र चिलखताखाली कापसाचा जाड अंगरखा असे. वार बसला की कड्या त्यात दबतात आणि आघात शेजारच्या कड्यांत वाटला जातो. अंगरख्याशिवाय घेतलेली चाचणी निम्म्याच कवचाची असते.

चाचणीतली दुसरी चूक कड्यांची. हल्ली बाजारात मिळणाऱ्या शोभेच्या चिलखतांत कडीची टोके नुसती समोरासमोर आणलेली असतात. टोकदार पाते कडीत शिरले की पाचरीसारखे काम करते आणि अशी कडी फाकते. रिव्हेट मारलेल्या कडीत मात्र रिव्हेट तरी तुटावी लागते किंवा तार तरी. शोभेचे चिलखत फोडून जुनी चिलखते कुचकामी होती असे म्हणणे हा त्या कारागिरांवर अन्याय आहे.

धातुतज्ज्ञ ॲलन विल्यम्स यांनी जुन्या युरोपीय कवचांचा अभ्यास करून २००३ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या चाचण्यांत अस्तरासह कडीचे चिलखत भेदायला बाणाच्या टोकाला सुमारे १२० ज्यूल लागले, परशूसारख्या रुंद पात्याला त्याहून अधिक. धार कापू पाहते, पण तिचा जोर अनेक कड्यांवर पसरतो. टोक एकाच कडीवर सगळा भार टाकते. म्हणूनच चिलखतावर चालावीत अशी शस्त्रे तलवारीसारखी रुंद न ठेवता अग्राशी जाड आणि अणकुचीदार घडवत. आपल्याकडच्या अनेक कट्यारींचे अग्र मुद्दाम जाड केलेले दिसते ते यासाठीच.

आता माणसाच्या हाताकडे येऊ. चाकूहल्ल्यांच्या अभ्यासात घेतलेल्या मोजमापांत, वरून खाली हाणलेल्या वाराची ऊर्जा शंभर ज्यूलच्या वर गेली. खालून भोसकलेला वार जास्तीत जास्त साठेक ज्यूलपर्यंत पोहोचला. ऊर्जा म्हणजे बल गुणिले अंतर. मिठीत हाताला झेप घ्यायला अंतरच उरत नाही. त्यातच कुशीचा भाग वळणदार, म्हणजे वार तिरका बसून घसरण्याची शक्यता मोठी. अशा वाराने चिलखत फुटले नाही हे बखरीचे वर्णन भौतिकशास्त्राला धरून आहे. चाचणी प्रसंग सिद्ध करत नाही, पण तो शक्य होता एवढे खात्रीने सांगते.

चिलखताची मर्यादाही स्पष्ट आहे. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या शस्त्रागाराने १९८८-८९ मध्ये सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या खऱ्या बंदुका झाडून पाहिल्या. बहुतेकींच्या गोळीचा वेग सेकंदाला ४०० मीटरच्या वर होता. ३० ग्रॅमची गोळी ४५० मीटर वेगाने सुटली, तर तिच्यात तीन हजार ज्यूल ऊर्जा असते. त्यापुढे कडी टिकत नाही. उलट २०१९ मध्ये इंग्लंडमध्ये झालेल्या एका चाचणीत १६० पौंड ओढीच्या धनुष्यातून सुटलेले, सुमारे १२० ज्यूलचे बाण छातीवरचा अडीच मिलिमीटरचा पत्रा भेदू शकले नाहीत. कवच चांगले की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या शस्त्रासमोर, किती अंतरावरून, आत काय घालून, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

प्रतापगडावर महाराजांनी ही सारी गणिते मनात मांडली होती, असेच त्यांची तयारी सांगते. भेट हातघाईची, शस्त्र आखूड, तेव्हा अंगात चिलखत आणि पागोट्याखाली टोप.

अशा चाचण्या मराठी मुलखातल्या चिलखतांच्या हुबेहूब प्रतिकृतींवर व्हायला हव्यात. जुना नमुना फोडायचा नाही, पण त्याच्या तारेची जाडी, कडीचा व्यास आणि रिव्हेटची तऱ्हा मोजून तसाच नवा तुकडा विणता येतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात किंवा पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलात, तर काचेजवळ जाऊन कड्यांचे सांधे जरूर पाहा. सांध्यावर बारीक उंचवटा दिसला, तर ती रिव्हेट समजा. ते कवच लढाईच्या कामाचे असण्याची ती पहिली खूण.

पुढील लेखांकात : गेंड्याच्या कातडीची ढाल आणि तलवारीची धार.