लेझर रिसरफेसिंग : आधी आणि नंतर

म्हणजे काय? लेझरने त्वचेचा वरचा थर ठरावीक खोलीपर्यंत काढणे. उष्णतेमुळे खाली नवे कोलॅजेन तयार होते. मुरुमांचे खड्डे, सुरकुत्या, जुने व्रण यांसाठी.

कोणते लेझर? कार्बन डायऑक्साइड (१०,६०० नॅनोमीटर) आणि अर्बियम याग (२,९४०). दोन्हींची ऊर्जा त्वचेतले पाणी शोषते. अर्बियममध्ये आजूबाजूला उष्णता कमी पसरते. कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये कुमार पटेल यांनी विकसित केला.

फ्रॅक्शनल : किरण सूक्ष्म ठिपक्यांत, मधली त्वचा शाबूत, म्हणून जखम लवकर भरते.

सावळ्या त्वचेत मुख्य धोका काळ्या डागांचा. ते महिनोन्‌महिने टिकू शकतात. त्यामुळे ऊर्जा कमी, सत्रे जास्त.

डॉक्टरांना आधी सांगा
- ओठांवर वारंवार येणारी नागीण (विषाणूरोधक गोळ्या आधीच सुरू होतात)
- आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, अलीकडे थांबवल्या असल्या तरी
- जखमेचा व्रण वाढून गाठ होण्याची प्रवृत्ती
- गर्भारपण

उपचारावेळी रुग्णासह सर्वांना डोळ्यांचे संरक्षण. चेहऱ्याजवळ ऑक्सिजन सुरू असल्यास आगीचा धोका.

नंतर : पूर्ण थर काढल्यास जखम भरायला साधारण १ ते २ आठवडे. लाली काही महिने राहू शकते. सौम्य धुणे, पेट्रोलियम जेलीचा थर. खपली सोलायची नाही, हळद-लिंबू लावायचे नाही. उन्हापासून जपणे, त्वचा भरल्यावर एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन.

लगेच फोन करा : वाढती वेदना, पू, ताप, पाण्याचे बारीक फोड.