एक लढत, एक प्रश्न

घरातील नातवंडे पडद्यासमोर बसून ठोसे-लाथांचे खेळ खेळू लागली, की आपल्यापैकी बहुतेक ज्येष्ठ मंडळी तेथून उठून जातात. मुलांनी आग्रह केलाच, तर उत्तर ठरलेले असते : ‘नको रे बाबा, मला नाही जमायचे.’ या उत्तरात खेळाविषयीची नापसंती थोडी असते. चुकण्याचा संकोच अधिक असतो. उतारवयात एटीएम असो वा नवा मोबाइल, जरा चूक झाली की कोणीतरी उसासा टाकतो आणि वस्तू हातातून काढून घेतो. असे वारंवार घडले, की माणूस नवे काही करून पाहणेच सोडून देतो. हे सोडून देणे मनाला फार महागात पडते. म्हणूनच, ज्या खेळात चुकल्यावाचून शिकताच येत नाही, त्याची ओळख आपण करून घ्यावी.

‘स्ट्रीट फायटर’ आणि ‘टेक्केन’ हे अशा खेळांपैकी दोन प्रसिद्ध जपानी खेळ. प्रत्येक खेळाडूचा एक योद्धा असतो. त्याच्या शक्तीची पट्टी रिकामी झाली की फेरी संपते. वरवर पाहता ही बोटांच्या वेगाची शर्यत वाटते; पण आतला हिशेब निराळा आहे. पडद्यावरील चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते. अतिशय जलद ठोसा अवघ्या ४ चित्रांत, म्हणजे सेकंदाच्या पंधराव्या भागात लागतो. डोळ्यांनी पाहून बोट हलवण्यास मात्र तरुणालाही साधारण पाव सेकंद लागतो. असा ठोसा पाहून अडवणे कोणालाच शक्य नाही. तो आधीच ओळखावा लागतो. ठोसा अडवता येतो, नुसते अडवत राहणाऱ्याला पकडून फेकता येते आणि पकडायला येणाऱ्याला ठोसा लागतो. प्रत्येक डावाला उतारा आहे. समोरचा केव्हा काय करील, हे हेरण्यातच खरी मौज आहे, आणि माणसे ओळखण्याची सवय तर आपल्याला जन्मभराची आहे.

हे हेरणे केवळ विचार करून येत नाही. करून पाहावे लागते. या खेळांचा इतिहासही तेच सांगतो. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’ मध्ये एकामागोमाग एक ठोसे साखळीसारखे गुंफता येतात, हे त्याच्या कर्त्यांनी आधी योजलेले नव्हते. चाचणीच्या वेळी ते लक्षात आले आणि त्यांनी ते तसेच राहू दिले. पुढे ‘कॉम्बो’ या नावाने तीच युक्ती या साऱ्या खेळप्रकाराचा कणा ठरली.

या क्षेत्रातील ख्यातनाम जपानी खेळाडू दाइगो उमेहारा यांची वाट तर आपल्या अगदी जवळून जाते. २००४ साली कॅलिफोर्नियातील ‘इव्हो’ स्पर्धेत, आपल्या योद्ध्याची शक्ती जवळजवळ संपलेली असताना, प्रतिस्पर्ध्याच्या लाथांचा संपूर्ण वर्षाव एकेक करून परतवून त्यांनी ती लढत जिंकली. अशा परतवण्यात मागे सरायचे नसते. घाव पडण्याच्या नेमक्या क्षणी पुढच्या दिशेने कळ दाबायची असते. पुढे खेळ सोडून त्यांनी काही काळ वृद्धांची काळजी घेणाऱ्या संस्थेत काम केले. नंतर ते परतले आणि २००९ मध्ये ‘स्ट्रीट फायटर ४’ ची ‘इव्हो’ स्पर्धा त्यांनी जिंकली. एखाद्या विजयापेक्षा सतत वाढत राहणे महत्त्वाचे, हा विचार त्यांनी आपल्या लेखनातूनही मांडला आहे.

आता आपण काय करावे? ‘स्ट्रीट फायटर ६’ मध्ये ‘मॉडर्न’ नावाची सोपी पद्धत आहे; तिच्यात अवघड डाव थोड्या कळांनी साधता येतात. आरंभी सरावाच्या विभागातच राहावे. तेथे हार नसते आणि प्रतिस्पर्ध्याने काय करावे, हे आपल्याला ठरवता येते. एकच योद्धा निवडा आणि एका बैठकीला एकच प्रश्न विचारा : ‘तो उडी मारून आला, तर माझा कोणता ठोसा त्याला गाठतो?’ प्रत्येक ठोसा दहा वेळा करून पाहा आणि किती वेळा लागला, ते वहीत टिपून ठेवा. मग नातवाशी खेळताना तोच एक ठोसा वापरून पाहा. लढत हरलात, पण तो ठोसा दोनदा लागला, तर त्या दिवसाचे उत्तर मिळाले. आणि तो एकदाही लागला नाही, तर उद्याचा प्रश्न मिळाला.

काळजी घेणाऱ्यांना एक विनंती : कंट्रोलर त्यांच्या हातातून घेऊ नका. ‘असे नाही, तसे’ म्हणण्याऐवजी ‘आता काय करून पाहायचे?’ असे विचारा. मुद्दाम हरूही नका. ज्येष्ठांना ते चटकन कळते आणि लागते. त्याऐवजी ‘मी आज फक्त लाथाच मारीन’ असे एखादे बंधन उघडपणे स्वतःवर घालून घ्या.

थोडी पथ्येही पाळावीत. पंधरा-वीस मिनिटांनंतर उठून चार पावले चालावे. अंगठा वा मनगट दुखू लागल्यास थांबावे. टेबलावर ठेवून वापरायची मोठ्या बटणांची आर्केड स्टिक काहींना सोयीची जाते. पडद्यावर झगमगाट फार असतो. फिट येण्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय खेळू नये. या खेळाने स्मृतिभ्रंश टळतो, असा दावा कोणी केल्यास त्यावर विसंबू नये. हा खेळ औषध नव्हे. नातवाशेजारी बसून काही नवे शिकण्याचे ते एक निमित्त आहे.

२०२५ साली जपानमध्ये ज्येष्ठांसाठी ‘टेक्केन ८’ ची स्पर्धा भरली होती. ती ९२ वर्षांच्या एका आजींनी जिंकली. आपल्याला स्पर्धेत उतरायचे नसेलही. पण पुढच्या वेळी नातवाने कंट्रोलर पुढे केला, तर ‘मला नाही जमायचे’ म्हणण्यापूर्वी त्याला एवढेच विचारा : ‘हे बटण दाबले, तर काय होते रे?’