घाम, पाणी आणि मिठाचा हिशेब

रक्तातील सोडियमची पातळी, म्हणजे लिटरमागे साधारण १३५ ते १४५ मिलिमोल, केवळ खाल्लेल्या मिठावर नव्हे, तर शरीरातील मीठ आणि पाणी यांच्या परस्परप्रमाणावर ठरत असल्याने, अनेक दिवसांच्या भटकंतीत मिठाचा विचार पाण्यापासून तोडून करता येत नाही. राजगड–तोरणा–रायगड यांसारख्या वाटेवर ऑक्टोबरच्या उन्हात घामाच्या प्रत्येक लिटरमागे अर्धा ते दीड ग्रॅम सोडियम जाऊ शकते, आणि हे प्रमाण माणसागणिक इतके बदलते की एकाच्या सदऱ्यावर पांढरे डाग उमटतात, तर त्याच्या सोबत्याच्या सदऱ्यावर काहीच दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली रोजची पाच ग्रॅम मिठाची, म्हणजे दोन ग्रॅम सोडियमची, मर्यादा अशा दिवशी अपुरी पडू शकते. मात्र उन्हाची सवय झाली की अल्डोस्टेरॉन या संप्रेरकामुळे घर्मग्रंथी सोडियम परत शोषू लागतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत घामाचा खारटपणा उतरतो.

अधिक मोठा धोका पाण्याच्या अतिरेकात असतो. दीर्घ श्रमात व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक मूत्रपिंडांना पाणी रोखून धरायला लावते, आणि त्यात तहान नसताना बाटल्या रिचवल्या तर सोडियम १३५ च्या खाली जाते. या अवस्थेला हायपोनेट्रिमिया म्हणतात. डोकेदुखी, मळमळ, भ्रमिष्टपणा ही तिची लक्षणे पाणी कमी पडल्यासारखीच भासत असल्याने सोबती काळजीपोटी आणखी पाणी पाजतात आणि दुखणे वाढवतात. मिठाच्या गोळ्या या अतिरेकावर उतारा नव्हेत. रिकाम्या पोटी त्यांनी मळमळ मात्र होते. तहानेपुरते पाणी आणि जोडीला पिठले, लोणचे, खारे शेंगदाणे, ताक एवढे निरोगी माणसाला सहसा पुरते.

अमेरिकेतील मिनेसोटाच्या उत्तर सीमेवरील बाउंडरी वॉटर्स या सरोवरांच्या प्रदेशात कॅनूने फिरताना गणित उलटे होते. तेथे घाम फुटतो तो मुख्यतः पोर्टेजवर, म्हणजे एका सरोवरातून दुसऱ्यापर्यंत होडी आणि सामान खांद्यावरून वाहून नेण्याच्या टप्प्यात. जेवण मात्र बहुधा सुकवलेले, पाकीटबंद असते आणि एकाच पाकिटात दिवसाच्या मर्यादेचा निम्मा वाटा सहज असू शकतो. रक्तदाब असलेल्यांनी म्हणून अन्न घरी बिनमिठाचे शिजवून सुकवावे, मीठ वेगळ्या डबीत न्यावे आणि ज्याने त्याने आपल्या ताटात घ्यावे. मूत्रल औषधे चालू असतील, तर त्यांपैकी काहींमुळे सोडियम मुळातच घटत असल्याने मात्रेविषयी निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे.